असाध्याची सीमा : मुलांच्या मेरुरज्जूंतील गाठी व त्यांवरील उपचारांचा इतिहास

आपल्या प्राचीन वैद्यकानें रोगांची वर्गवारी करतांना एक गोष्ट मोठ्या प्रामाणिकपणानें मान्य केली आहे. ती ही कीं, सर्वच रोग बरे होत नाहींत. कांहीं रोग सुखसाध्य असतात. कांहीं कृच्छ्रसाध्य म्हणजे मोठ्या कष्टानें बरे होणारे असतात. कांहीं याप्य म्हणजे समूळ न जाणारे, परंतु औषधानें ताब्यांत ठेवतां येणारे असतात. आणि उरलेले असाध्य. वैद्यानें आधीं रोगाचा वर्ग ओळखावा व मगच त्याला हात घालावा, असा दंडक त्या शास्त्रकारांनीं घालून दिला. नीलनदीच्या कांठचे वैद्यही याच वाटेनें गेले होते. १८६२ सालीं एडविन स्मिथ नांवाच्या गृहस्थानें लक्सर येथें विकत घेतलेला व १९३० सालीं जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनीं इंग्रजींत उतरविलेला एक मिसरी ग्रंथपट प्रसिद्ध आहे. त्याची प्रत इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० या काळांतील समजली जाते. तींत ४८ रुग्णांचीं वर्णनें आहेत, आणि त्या त्या ठिकाणीं वैद्याचा निर्णयही नोंदलेला आहे. मानेचा मणका निखळून ज्याचे हातपाय लुळे पडले, अशा रुग्णाविषयींचा निर्णय थोडक्यांत इतकाच कीं, हा उपचार करण्याजोगा रोग नव्हे.

हा निर्णय साडेतीन हजार वर्षें टिकला. तो क्रूर नव्हता. त्या काळीं तो खराच होता. परंतु खऱ्या निर्णयालाही एक भय असतें. ज्या कारणांसाठीं तो दिला गेला तीं कारणें नाहींशीं झालीं तरी निर्णय मात्र सवयीनें तसाच चालू राहतो. एखाद्या रोगास आपण असाध्य म्हणतों तेव्हां त्या रोगाचें वर्णन करतों कीं आपल्याजवळच्या साधनांचें, हा प्रश्न म्हणूनच पुन्हां पुन्हां विचारावा लागतो. मुलांच्या मेरुरज्जूंत होणाऱ्या गाठींचा इतिहास या प्रश्नाचें एक बोलकें उदाहरण आहे, आणि तो सामान्य वाचकांसही ठाऊक असावा अशा योग्यतेचा आहे.

पाठीचा कणा म्हणून ज्यास आपण म्हणतों तो मणक्यांचा मनोरा आंतून पोकळ असतो. त्या पोकळींतून मेंदूपासून निघालेला मेरुरज्जु खालीं कमरेपर्यंत जातो. प्रौढ मनुष्यांतही त्याची जाडी करंगळीएवढीच असते. लहान मुलांत ती त्याहूनही कमी. चालणें, उभें राहणें, हात उचलणें, मलमूत्राचें नियमन, स्पर्श आणि वेदना, या सर्वांचे निरोप या एवढ्याशा दोरींतून जात येत असतात. या दोरीच्या आसपास किंवा आंत गाठ उत्पन्न झाली म्हणजे निरोपांचा मार्ग हळूहळू दाबला जातो. गाठीचीं स्थानें तीन. पहिलें रज्जूच्या आवरणाबाहेर, दुसरें आवरणाच्या आंत परंतु रज्जूच्या बाहेर, आणि तिसरें खुद्द रज्जूच्या गाभ्यांत. पहिल्या दोन ठिकाणची गाठ रज्जूला बाहेरून दाबते. तिसऱ्या ठिकाणची गाठ त्याला आंतून फुगवते. शस्त्रवैद्याच्या दृष्टीनें या दोहोंत महदंतर आहे. बाहेरची गाठ उचलावयाची असते, आंतली गाठ काढण्यासाठीं मात्र ज्याचें रक्षण करावयाचें त्यालाच छेद द्यावा लागतो.

मुलांच्या मेंदूंत व मेरुरज्जूंत होणाऱ्या सर्व गाठींमध्यें मेरुरज्जूच्या गाठींचें प्रमाण अगदीं अल्प आहे. म्हणूनच एखादा बालवैद्य आपल्या सबंध व्यवसायांत असा रुग्ण क्वचितच पाहतो. परंतु दुर्मिळता ही रोग्याच्या पक्षीं सोयीची गोष्ट नव्हे. जें क्वचित् दिसतें तें ओळखूं येण्यास उशीर लागतो, आणि ज्यावर थोडेच हात फिरले आहेत त्याची विद्याही थोड्याच हातीं राहते.

या विद्येचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, १८६७ सालीं लिस्टरनें जंतुनाशक पद्धति जगापुढें मांडली, आणि या दोहोंच्या आधारानें शस्त्रवैद्यास मणक्यांच्या आंत डोकावण्याचें धैर्य झालें. ग्लासगो येथील विल्यम मॅक्युएन यांनीं १८८३ सालीं कण्याच्या रोगानें पाय लुळे पडलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या मणक्यांच्या कमानी काढून रज्जूवरील दाब दूर केला, आणि तो मुलगा पुढें चालूं लागला. या इतिहासाच्या उंबरठ्यावर एक मूल उभें आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु गाठ म्हणून ओळखून, तिची जागा बाहेरून ठरवून, ती काढण्याचा पहिला प्रसिद्ध प्रसंग लंडनमध्यें १८८७ सालीं घडला. बेचाळीस वर्षांचा एक सेनाधिकारी तीन वर्षें पाठींतील असह्य कळांनीं हैराण झाला होता. अनेक वैद्य झाले; अनेक निदानें झालीं. शेवटीं त्याचे दोन्ही पाय गेले, मूत्रावरचा ताबा सुटला, आणि तो विल्यम गॉवर्स या मज्जातंतुतज्ज्ञाकडे आला. क्ष-किरणांचा शोध त्या वेळीं लागावयाचा होता. गॉवर्स यांनीं केवळ बधिरतेची रेषा छातीवर कोठें येते हें तपासून व कळांचा क्रम ऐकून रज्जूवर गाठ असल्याचें सांगितलें, आणि व्हिक्टर हॉर्स्ली या तीस वर्षांच्या तरुण शस्त्रवैद्यास बोलाविलें. ९ जून १८८७ रोजीं शस्त्रक्रिया झाली. अपेक्षित ठिकाणचे मणके उघडले, पण गाठ दिसेना. त्या क्षणीं जखम मिटून घेतली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु साहाय्यक चार्ल्स बॅलन्स यांनीं आणखी वर जाण्याचा आग्रह धरला. वरची कमान काढतांच बदामाएवढी गाठ दृष्टीस पडली व ती सुखरूप निघाली. वर्षभरानें तो अधिकारी दिवसाचे सोळा सोळा तास कामावर उभा राहूं लागला होता. साडेतीन हजार वर्षांचा निर्णय त्या दिवशीं एका मणक्याच्या अंतरानें बदलला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

या हॉर्स्ली यांचा शेवट आमच्या वाचकांस जवळचा वाटेल. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत, जेथें पुण्याची सहावी डिव्हिजन व तींतील मराठा पलटणी कुट येथें वेढ्यांत सांपडल्या, तेथें ते सैनिकी शस्त्रवैद्य म्हणून गेले. जखमी सैनिकांची तेथील हेळसांड पाहून त्यांनीं तिच्याविरुद्ध आवाज उठविला, आणि १६ जुलै १९१६ रोजीं अमारा येथें उष्म्याच्या विकारानें त्यांचा अंत झाला.

हॉर्स्ली यांनीं काढलेली गाठ रज्जूच्या बाहेरची होती. रज्जूच्या गाभ्यांतील गाठीचा प्रश्न निराळा. शिकागो येथें ख्रिश्चन फेंगर यांनीं १८९० सालीं तसा प्रयत्न केला, परंतु रोगी दगावला. १९०७ सालीं व्हिएन्ना येथें आंतोन फॉन आयझेल्सबर्ग यांस पहिलें यश आलें. त्यानंतर न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनीं जी युक्ति शोधली ती या शास्त्रांतील सर्वांत विनयशील युक्ति म्हणावी लागेल. रज्जूच्या मागील बाजूस अगदीं मध्यरेषेवर छेद घेतांच आंतली गाठ दाबामुळें आपण होऊन बाहेर डोकावूं लागते, हें त्यांच्या लक्षांत आलें. तेव्हां ती ओढून काढण्याचा मोह आवरून त्यांनीं तेथेंच शस्त्रक्रिया थांबविली व जखम शिवून टाकली. सुमारें आठवड्यानें पुन्हां उघडून पाहतात तों गाठ बरीचशी रज्जूबाहेर आलेली! मग ती अलगद सुटली. एल्सबर्ग व एडविन बीअर यांनीं १९११ सालीं ही पद्धति प्रसिद्ध केली. ज्या ठिकाणीं माणसाचा हात जड पडतो, त्या ठिकाणीं निसर्गाला वेळ देणें हेंही कौशल्यच होय, हा धडा त्यांत आहे. पण ही युक्ति सर्व गाठींना लागू पडत नसे. मुलांच्या रज्जूंत बहुधा होणाऱ्या गाठी आधारपेशींपासून उत्पन्न होतात; त्यांची कड पुष्कळदां स्पष्ट नसते, आणि निरोगी भाग कोठें संपला व गाठ कोठें सुरू झाली हें उघड्या डोळ्यांस कळत नाहीं.

इकडे गाठ न उघडतां पाहण्याचीं साधनें एकामागून एक येत होतीं. १८९१ सालीं क्विन्के यांनीं कमरेच्या मणक्यांतून सुई घालून रज्जूभोंवतालचें पाणी काढण्याची रीत दाखविली. १८९५ सालीं राँटगेन यांस क्ष-किरण सांपडले. १९१९ सालीं वॉल्टर डँडी यांनीं त्या पाण्याच्या जागीं हवा भरून छायाचित्र घेण्याचें सुचविलें. आणि १९२१ सालीं फ्रान्समध्यें सिकार व फॉरेस्तिए यांनीं आयोडीनयुक्त तेल आंत सोडून, तें जेथें अडतें तेथें गाठ, असें दाखवून दिलें. मुलांच्या बाबतींत एक स्वतंत्र पाऊल पडलें तें १९२९ सालीं. बोस्टनच्या बालरुग्णालयांत फ्रँक इंग्रॅहॅम यांच्या हाताखालीं केवळ मुलांच्या मेंदूच्या व मेरुरज्जूच्या शस्त्रक्रियांचा विभाग उघडला. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा मनुष्य नव्हे, त्याचे रोग व त्याचें बरें होणें यांना स्वतःचे नियम आहेत, ही जाणीव त्या विभागाच्या मुळाशीं होती. इंग्रॅहॅम व त्यांचे शिष्य डोनाल्ड मॅट्सन यांचा या विषयावरील ग्रंथ १९५४ सालीं बाहेर पडला.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर गाभ्यांतील गाठींवरील शस्त्रक्रियेची भरभराट झाली असेल अशी कोणाचीही कल्पना होईल. परंतु इतिहास असा सरळ चालत नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास या गाठी पुन्हां जवळजवळ असाध्याच्या वर्गांत जाऊन बसल्या. कारण असें कीं, शस्त्र चालविल्यावर पाय जाण्याचें भय मोठें होतें, आणि त्याच सुमारास किरणोपचाराचा पर्याय हाताशीं आला होता. तेव्हां मणके उघडावे, गाठीचा लहानसा तुकडा तपासणीस घ्यावा, रज्जूला थोडी मोकळीक द्यावी, जखम मिटावी व मग किरण द्यावे, हा परिपाठ पडला. ह्यूस्टनचे जेम्स ग्रीनवुड यांच्यासारखे थोडे लोक संपूर्ण गाठ काढीत; त्यांनीं आपले अनुभव १९५४ सालीं प्रसिद्धही केले. परंतु तो प्रवाहाविरुद्धचा मार्ग होता.

या परिपाठाची किंमत मुलांनीं दिली. वाढत्या हाडांवर किरण पडले म्हणजे त्या मणक्यांची वाढ खुंटते, पाठ वांकते. कोवळ्या मज्जातंतूंस इजा होते. आणि कित्येक वर्षांनीं त्याच जागीं दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोका राहतो. गाठ मंद वाढणारी असेल तर मूल जगे, परंतु कांहीं वर्षांनीं गाठ पुन्हां डोकें वर काढी, आणि तोंवर आधींच्या उपचारानेंच शरीर खिळखिळें झालेलें असे. आईबापांस सांगितलें जाई कीं, जें करण्यासारखें होतें तें केलें आहे. तें सांगणारा वैद्य निर्दय नसे. तो आपल्या काळाचा निर्णय सांगत असे. फरक इतकाच कीं, त्या निर्णयामागचीं कारणें एव्हांना ढांसळूं लागलीं होतीं, आणि हें थोड्यांच्याच ध्यानांत आलें होतें.

तीं कारणें ढांसळविणारीं साधनें निरनिराळ्या दिशांनीं आलीं. विजेनें रक्तस्राव थांबविण्याचें यंत्र हार्वी कुशिंग यांनीं बोव्ही या पदार्थविज्ञानवेत्त्याच्या साहाय्यानें १९२६ सालींच शस्त्रक्रियागृहांत आणलें होतें. पण त्याची उष्णता आजूबाजूस पसरे. ग्रीनवुड यांनीं १९४० सालीं चिमट्याच्या दोन टोंकांमध्येंच वीज खेळविण्याची योजना केली व पुढें लेनर्ड मॅलिस यांनीं ती पूर्णतेस नेली; त्यामुळें रज्जूला चटका न बसतां केसाएवढी रक्तवाहिनी बंद करणें शक्य झालें. १९५७ सालीं थिओडोर कुर्झे यांनीं मेंदूच्या शस्त्रक्रियेंत सूक्ष्मदर्शक वापरला, आणि झुरिक येथें याझार्गिल यांनीं त्या पद्धतीस शास्त्राचें रूप दिलें. तिसरें साधन तर अगदींच अनपेक्षित ठिकाणाहून आलें. चार्ल्स केलमन नांवाच्या नेत्रवैद्यास दंतवैद्याकडील दांत साफ करण्याचें श्रवणातीत कंपनांचें यंत्र पाहून मोतीबिंदु त्याच रीतीनें फोडून शोषून घेण्याची कल्पना सुचली, व १९६७ सालीं त्यांनीं ती प्रसिद्ध केली. तेंच तत्त्व मेंदूच्या गाठींस लावल्याचा वृत्तान्त न्यूयॉर्क विश्वविद्यालयांतील फ्लॅम, रॅन्सहॉफ व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं दिला. या यंत्राचें टोंक सेकंदास सुमारें २३,००० वेळां कंप पावतें. त्यानें गाठीचा कण फुटतो व तत्काळ शोषला जातो. गाठीला ओढाताण करावी लागत नाहीं, आणि रज्जूच्या बाबतींत ओढाताण टळणें हेंच सर्वस्व आहे.

त्याच विश्वविद्यालयांत फ्रेड एप्स्टाइन हे मुलांचे शस्त्रवैद्य होते. लहानपणीं अभ्यासांत अतिशय मागें पडणारा विद्यार्थी अशी त्यांची ख्याति होती. वाचनांत त्यांना जन्मजात अडचण होती. १९८० च्या सुमारास त्यांनीं हें नवें यंत्र व सूक्ष्मदर्शक घेऊन मुलांच्या रज्जूच्या गाभ्यांतील गाठींवर हात घालण्यास प्रारंभ केला. मानेपासून रज्जूच्या टोंकापर्यंत पसरलेल्या गाठीही काढतां येतात, हें त्यांनीं १९८१ सालीं लिहिलें; पुढल्या वर्षीं १९ मुलांचा वृत्तान्त दिला. कड स्पष्ट नसलेल्या गाठींत त्यांची रीत उलटी असे. बाहेरून आंत न जातां गाठीच्या मध्यापासून पोखरीत बाहेर यावयाचें, आणि पांढरा निरोगी भाग दिसूं लागतांच थांबावयाचें. पुष्कळांनीं प्रथम या धाडसास नांवें ठेविलीं. ज्या मुलाला अजून चालतां येतें त्याच्या मेरुरज्जूला छेद देण्याचा अधिकार कोणास, हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. त्याला उत्तर एकच असूं शकत होतें, आणि तें म्हणजे पुढें चालत आलेलीं मुलें.

परंतु डोळ्यांस दिसणें आणि रज्जु काम करीत आहे हें कळणें यांत अंतर आहे. मूल भूल दिलेल्या अवस्थेंत असतांना त्याचे पाय शाबूत आहेत कीं नाहींत हें कसें समजावें? १९८० सालीं इंग्लंडमध्यें मर्टन व मॉर्टन यांनीं डोक्याच्या कवटीवरून विजेचा झटका देऊन स्नायु हालवितां येतात असें दाखविलें. त्या शोधाचा उपयोग शस्त्रक्रियागृहांत होऊं लागला. एप्स्टाइन यांच्याबरोबर काम करणारे वेद्रन डेलेटिस व कार्ल कोथबाउअर यांनीं त्याला मेरुरज्जूच्या शस्त्रक्रियेंत नेमकेपणा आणला. मेंदूवरून पाठविलेला निरोप गाठीच्या खालीं व पायाच्या स्नायूंत पोंचतो कीं नाहीं हें एक तज्ज्ञ सारखा पाहत असतो. निरोप क्षीण झाला कीं शस्त्रवैद्यानें हात आवरावा, कोमट क्षारजलानें जागा धुवावी, वाट पाहावी, आणि निरोप परत आला तरच पुढें जावें. एल्सबर्ग यांनीं आठवडाभर थांबून जें साधलें तेंच येथें कांहीं मिनिटांत साधतें. थांबण्याची कला मात्र तीच.

मुलांच्या बाबतींत आणखी एक काळजी घ्यावी लागे. मणक्यांच्या कमानी काढून टाकल्या म्हणजे वाढत्या वयांत पाठीस कुबड येतें वा मान पुढें झुकते. १९७६ सालीं अँथनी रायमाँडी यांनीं कमानी फेंकून न देतां एकसंध उचलून शेवटीं परत जागीं बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. कुबडाचा धोका तिनें सर्वस्वीं टळला नाहीं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षें अशा मुलांच्या पाठीवर लक्ष ठेवावें लागतें.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. परंतु विजयाच्या कथेंतच या मंडळींचा प्रामाणिकपणा पारखला जातो. धाडसाला यश येऊं लागलें म्हणजे तें सर्वत्र चालवावें असा मोह पडतो. जलद वाढणाऱ्या घातक गाठींवरही हीच शस्त्रक्रिया करून पाहण्यांत आली. १९८९ सालीं एप्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा १९ रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यांतील १५ जण दगावले होते, आणि शस्त्रक्रियेनंतरचें मध्यम आयुर्मान अवघें सहा महिन्यांचें होतें. म्हणजे या जातीच्या गाठींपुढें मोठें शस्त्र व्यर्थ, असें ज्यांनीं शस्त्राची बाजू मांडली त्यांनींच लिहून ठेविलें. आपल्या पद्धतीची सीमा स्वतःच्या हातानें आंखणें ही गोष्ट शास्त्रांत थोर समजावी लागेल.

२००० सालीं शलोमी कॉन्स्टन्टिनी, एप्स्टाइन व इतरांनीं १६४ मुलांचा व तरुणांचा हिशेब प्रसिद्ध केला. शेंकडा सुमारें ७७ रुग्णांत जवळजवळ संपूर्ण गाठ निघाली होती. तीन महिन्यांनंतर पाहतां शेंकडा ६० रुग्णांची हालचाल पूर्वीसारखी होती, सुमारें १६ जणांची सुधारली होती, आणि सुमारें २४ जणांची बिघडली होती. मंद वाढणाऱ्या गाठींत शेंकडा ७८ रुग्ण पांच वर्षें रोग न वाढतां राहिले. घातक गाठींत हेंच प्रमाण ३० होतें. या आंकड्यांत आनंद व दुःख दोन्ही आहेत. चारांतील एका मुलाच्या हालचालींत उणेपणा आला, हें विसरून चालणार नाहीं. परंतु त्याच लेखांत सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच होती. ज्यांच्यांत शस्त्रक्रियेपूर्वीं अधूपणा नव्हता किंवा अगदीं थोडा होता, त्यांस शस्त्रक्रियेनें क्वचितच इजा झाली. जें मूल चालत आलें तें बहुधा चालत राहिलें. पाय गेल्यावर आलेल्या मुलास पाय परत मिळतील याची हमी मात्र कोणी देऊं शकत नव्हतें.

एप्स्टाइन यांचें पुढील आयुष्यही विलक्षण गेलें. २००१ सालीं सायकलीवरून पडून त्यांच्या मेंदूस इजा झाली. ते कित्येक दिवस बेशुद्ध होते, आणि मग ज्या बिछान्याशीं ते वैद्य म्हणून उभे राहत त्याच बिछान्यावर रोगी म्हणून पडून त्यांस चालणें बोलणें नव्यानें शिकावें लागलें. मुलांपासून आपण काय शिकलों यावर त्यांनीं २००३ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचें नांव एका चार वर्षांच्या बालरुग्ण मुलीच्या उद्गारावरून घेतलें आहे. आपण पांच वर्षांच्या झालों तर काय काय शिकूं, याचा ती विचार करीत असे. २००६ सालीं एप्स्टाइन निवर्तले.

त्यानंतरच्या काळांत शस्त्राचा भार थोडा हलका झाला आहे. चुंबकीय अनुनादाच्या छायाचित्रणामुळें, ज्याबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आतां सुई न टोंचतां रज्जूंतील गाठ तिच्या संपूर्ण लांबीनिशीं दिसते. जी गाठ पुरती काढणें धोक्याचें असतें तिचा कांहीं भाग ठेवून लक्ष ठेवतां येतें, किंवा कार्बोप्लॅटिन व व्हिन्क्रिस्टिन यांसारखीं औषधें देऊन तिची वाढ रोखतां येते. २००८ सालीं असें आढळलें कीं, मुलांमधील मंद गाठींपैकीं पुष्कळांत ब्रॅफ नांवाच्या जनुकांत बिघाड झालेला असतो. त्या बिघाडाच्या एका प्रकारावर नेमकीं चालणारीं डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब हीं जोडऔषधें अमेरिकेंत २०२३ सालीं मुलांसाठीं मान्य झालीं. तींमुळें कांहीं मुलांचा रोग असाध्यांतून निदान याप्याच्या वर्गांत तरी आला आहे. घातक गाठींच्या एका जातीची खूण म्हणजे हिस्टोन प्रथिनाच्या जनुकांतील बिघाड. तीही आतां ओळखतां येते. परंतु ती ओळखल्यानें ती बरी होत नाहीं. त्या वर्गाचें नांव बदलण्याचा दिवस अजून उजाडावयाचा आहे.

आपल्या देशांत मेंदूच्या व मेरुरज्जूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ सालीं वेल्लोर येथें जेकब चँडी यांनीं उघडला. पुढल्याच वर्षीं मद्रास येथें रामामूर्ति यांनीं कामास आरंभ केला, आणि मुंबईंतही ही विद्या लवकरच रुजली. १९४१ सालीं परळ येथें स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या खारघर येथील केंद्रांत २०२३ सालापासून प्रोटॉन किरणांचा उपचार मिळूं लागला आहे. त्या किरणांचा मारा गाठीपलीकडे फारसा जात नाहीं, म्हणून वाढत्या शरीरास तो त्यांतल्या त्यांत सौम्य. म्हणजे साधनांच्या अभावीं हात टेकावे असे दिवस आपल्याकडेही मागें पडत चालले आहेत. आतां उणीव राहते ती ओळखण्याची.

आणि हाच या इतिहासाचा आपणां गृहस्थाश्रमी लोकांशीं संबंध आहे. लहान मुलांची पाठ सहसा दुखत नाहीं. जें मूल रात्रीं झोपेंतून पाठदुखीनें उठतें, आडवें झाल्यावर ज्याची कळ वाढते, ज्याची मान एका बाजूस वांकडी राहते, जें चालावयास शिकल्यानंतर पुन्हां अडखळूं लागतें, ज्याचा बिछाना कोरडा राहत असे व आतां ओला होऊं लागला आहे, त्या मुलास आपण काय म्हणतों? हट्टी म्हणतों, आळशी म्हणतों, शाळा टाळतो म्हणतों, लाडानें बिघडलें म्हणतों. बहुतेक वेळां कारण साधेंच असतें आणि घाबरण्याचें प्रयोजन नसतें. परंतु तक्रार आठवड्यामागून आठवडे टिकून राहिली, तर ती खरी मानून तज्ज्ञास दाखविणें हें आपलें काम आहे. गॉवर्स यांच्यापुढें क्ष-किरण नव्हते. त्यांच्याजवळ होतें तें रोग्याचें म्हणणें लक्षपूर्वक ऐकण्याचें सामर्थ्य. अनेक निदानांनीं जें साधलें नाहीं तें त्या ऐकण्यानें साधलें. मोठ्या मनुष्याला आपल्या कळेची हकीकत निदान सांगतां तरी येते. चार वर्षांच्या मुलाला तीही सांगतां येत नाहीं. त्याच्या वतीनें ती आईबापांनींच वाचावयाची असते.

मिसरी वैद्यानें निर्णय लिहिला तेव्हां त्याच्याजवळ दुसरें कांहीं नव्हतें, म्हणून तो निर्दोष होता. तेवढी सबब पुढें कोणालाच पुरली नाहीं. हॉर्स्ली यांनीं आणखी एक कमान काढली. एल्सबर्ग यांनीं थांबून पाहिलें. एप्स्टाइन यांनीं पुढें जाऊन दाखविलें आणि कोठें जाऊं नये हेंही लिहिलें. यांतील प्रत्येकानें असाध्याची सीमा जरा मागें ढकलली. पण त्यांच्या हातीं मूल वेळेवर पोंचलें तरच त्या ढकलण्याला अर्थ, आणि तें पोंचविणारे हात घरांतलेच असतात.